कार्डांची माळ

"मामा, कॅश क्लिअर करून बघ," असं मी फोनवर म्हणालो. पलीकडे क्षणभर शांतता.

"अरे, गल्ला तर काल रात्रीच मोकळा केला. तुझ्या फोटोचा आणि गल्ल्याचा काय संबंध?"

मामाचं सोलापुरात चादरी-टॉवेलचं दुकान आहे. दुकानाची वेबसाइट मी करून दिली होती, घरचंच काम म्हणून, रात्री जागून. तीनेकशे चादरींचे फोटो, प्रत्येकाखाली किंमत आणि 'मागवा' असं बटण. मामा ज्याला गल्ला समजला ती कॅश म्हणजे ब्राउझरने स्वतःजवळ साठवून ठेवलेल्या प्रती. त्या दिवशी मला आधी हसू आलं, आणि नंतर दोन आठवडे ते पार मावळलं.

झालं असं होतं. साइटचा सर्व्हर सिंगापूरला, फोटो जड, आणि गिऱ्हाईक लातूर-उस्मानाबादकडचं, हातात साधा फोन घेतलेलं. पान उघडायला वेळ लागायचा. म्हणून मी प्रत्येक फोटोसोबत ब्राउझरला एक सूचना पाठवली: हे चित्र ३,१५,३६,००० सेकंद, म्हणजे बरोबर एक वर्ष, तुझ्याजवळच ठेव, पुन्हा मागायला येऊ नकोस. साइट पळायला लागली. मामा खूश, मी खूश. दिवाळीच्या आधी मागवाल्याने मोराच्या चादरीचा काठ बदलला, निळ्याचा मरून केला. मामाने नवा फोटो काढून जुन्याच नावाने जुन्याच्या जागी टाकला. सर्व्हरवर नवा फोटो होता. पण ज्यांनी ती चादर आधी एकदा पाहिली होती, त्यांच्या फोनमध्ये जुना निळा काठच दिसत राहिला. मीच तसं सांगून ठेवलं होतं. एका लग्नघराने आहेरासाठी पन्नास चादरी मागवल्या, निळा काठ बघून. हातात पडला मरून. चादरी परत आल्या. जाण्यायेण्याचं भाडं मामाच्या अंगावर पडलं. मला तो एका शब्दाने बोलला नाही, आणि तेच जास्त लागलं.

तेव्हापासून या 'कॅश'च्या मुळाशी जायचा मला नाद लागला. शब्द फ्रेंच आहे. 'काशे' म्हणजे लपवणं. उत्तर अमेरिकेच्या जंगलांत फिरणारे फासेपारधी परतीच्या वाटेवर लागेल म्हणून धान्य, कातडी जमिनीत पुरून ठेवायचे, त्या खड्ड्याला हे नाव. वाचताना मला आपलं पेवच आठवलं. मंगळवेढ्याकडच्या आमच्या आजोळी ज्वारी तीन ठिकाणी असायची. चुलीजवळच्या डब्यात आजचं पीठ, माजघरातल्या कणगीत महिना-दोन महिन्यांची ज्वारी, आणि पेवात वर्षाची. पेव उघडायचं म्हणजे चार माणसं आणि एक दिवस. उघडल्यावरही लगेच आत उतरायचं नाही, आत कोंडलेली हवा माणूस मारते. त्यामुळे रोज पेवाकडे कोणी जात नाही. रोज लागतं ते हाताशी, क्वचित लागतं ते लांब.

संगणकातही नेमकी हीच अडचण होती. मोठी स्मरणजागा स्वस्त पण सुस्त, चपळ जागा महाग म्हणून लहान. केंब्रिजच्या मॉरिस विल्क्सने १९६५ साली एका लहानशा निबंधात उपाय मांडला: गणन करणाऱ्या भागाला लागून एक छोटी, चपळ जागा ठेवायची आणि मोठ्या जागेतून नुकतं जे आणलं त्याची प्रत तिथे राखायची. त्याने तिला 'स्लेव्ह मेमरी' म्हटलं. नाव तेव्हाही वाईटच होतं. १९६८ मध्ये आयबीएमच्या सिस्टिम ३६० मॉडेल ८५ या यंत्रात ही कल्पना विक्रीला आली. यंत्राबद्दल कंपनीच्याच नियतकालिकात लेख यायचा होता. त्यात या जागेला 'हाय-स्पीड बफर' असं रुक्ष नाव होतं, ते संपादकाला आवडलं नाही आणि 'कॅश' हा शब्द आला, अशी हकिगत आहे. तो संपादक मंगळवेढ्याचा असता तर आज जगभरचे प्रोग्रॅमर 'कणगी क्लिअर करा' म्हणत असते, आणि मामाला कळलं असतं.

पण कणगीची उपमा एका ठिकाणी तुटते. पेवातून पायली काढली की पेवात पायली कमी होते. कॅशमध्ये असते ती प्रत. मूळ आपल्या जागी तसंच असतं, निदान असावं. म्हणूनच कॅश बेधडक पुसता येते. आणि म्हणूनच मूळ बदललं तर प्रत खोटी ठरते, आणि ती खोटी ठरल्याचं तिला स्वतःला कळत नाही. नेटस्केपमधल्या फिल कार्ल्टनच्या नावावर एक उक्ती सांगतात, की संगणकशास्त्रात अवघड गोष्टी दोनच: कॅशमधलं शिळं कधी टाकायचं, आणि वस्तूला नाव काय द्यायचं. माझ्या मोराच्या चादरीत या दोन्ही गोष्टी एकदमच चुकल्या होत्या, ते पुढे येईलच.

वेबवर चित्रं आली तो काळ फार जुना नाही. १९९३ च्या फेब्रुवारीत मार्क अँड्रीसनने पानातच चित्र दाखवण्यासाठी एक खूण सुचवली आणि त्याच वर्षी मोझेइक ब्राउझरमधून ती लोकांसमोर आली. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सर्वांसाठी इंटरनेट सुरू केलं. त्यात विद्यार्थ्यांसाठी स्वस्त 'शेल' खातं होतं आणि त्यावर फक्त अक्षरं दिसत. चित्रं बघायची तर महागडं खातं घ्यावं लागे. म्हणजे चित्र ही श्रीमंतांची गोष्ट होती. मराठीची आणखी एक गंमत होती. युनिकोडचा वापर रुळण्याआधी देवनागरी अक्षरं दुसऱ्याच्या संगणकावर उमटतील याची खात्री नसे, म्हणून कित्येक जण मजकुराचंच चित्र करून टाकत. चार ओळींच्या कवितेसाठी अख्खं चित्र उतरवून घ्यायचं. आपल्या भाषेला चित्रांचा भार इंग्रजीपेक्षा जास्त वाहावा लागला.

सोलापुरातल्या सायबर कॅफेत मी पहिल्यांदा चित्र उतरताना पाहिलं. ते वरून खाली, एकेक पट्टी करत यायचं. मोडेमचा कागदावरचा वेग ५६ किलोबिट, म्हणजे सेकंदाला फार तर ७ किलोबाइट. ७० किलोबाइटचं चित्र पुरं व्हायला सगळं सुरळीत असलं तरी दहा सेकंद. कपाळ यायचं, डोळे यायचे, आणि हनुवटी यायच्या आत फोन कट. काही चित्रं मात्र आधी धुरकट अख्खी दिसत आणि मग स्पष्ट होत जात. त्यांच्या ओळी एकाआड एक पाठवलेल्या असत, आधी दर आठवी ओळ, मग मधल्या. या पद्धतीचं इंग्रजी नाव 'इंटरलेस', एकमेकांत गुंफलेलं. तेव्हा त्या शब्दाकडे माझं लक्ष गेलं नाही. चादरींच्या गावात राहून जायला हवं होतं.

या रडतखडत येणाऱ्या चित्रांमुळेच साठवणीचे नियम घडले. १९९६ च्या मे महिन्यात एचटीटीपीची १.० आवृत्ती कागदावर आली. तिच्यात ब्राउझर सर्व्हरला विचारू शकतो: माझ्याकडे मंगळवारची प्रत आहे, त्यानंतर काही बदललंय का? बदललं नसेल तर सर्व्हर चित्र पाठवत नाही, नुसता ३०४ हा आकडा पाठवतो. त्याचा अर्थ, जुनंच चालव. जानेवारी १९९७ च्या १.१ आवृत्तीत आणखी बारकावे आले: प्रत किती सेकंद ताजी मानायची, आणि चित्राला ओळखचिठ्ठी कशी लावायची. १९९८ मध्ये अकामाई ही कंपनी निघाली. तिने प्रती फक्त वाचकाच्या संगणकात न ठेवता गावोगावच्या सर्व्हरवर ठेवायला सुरुवात केली, म्हणजे पेव आणि घर यांच्यामध्ये गावची वखार.

तरी एक गोष्ट उरतेच. 'बदललंय का?' हे विचारायलाही सिंगापूरपर्यंत जाऊन यावं लागतं. तीनशे फोटो, तीनशे प्रश्न, आणि बहुतेकांचं उत्तर 'नाही'. म्हणून मी तो प्रश्नच बंद केला होता. वर्षभर विचारू नकोस. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

परत आलेल्या चादरींच्या गठ्ठ्याशेजारी बसून मी मामाला हे सगळं समजावत होतो. त्याने ऐकलं, चहा संपवला आणि म्हणाला, "चल, तुला अण्णांकडे नेतो. त्यांच्याकडे असलं चाळीस वर्षांचं पडलंय."

सोलापूरचा पूर्व भाग म्हणजे पद्मशाली विणकरांची वस्ती. निजामाच्या तेलंगणातून दुष्काळ आणि कर्ज मागे टाकून ही कुटुंबं इथे आली. काही जण हातमागावर बसले, काही गिरणीत लागले. सोलापूरची जुनी गिरणी १८७७ मध्ये सुरू झाली होती. पुढे यंत्रमाग आले. कन्ना चौक, साखर पेठेकडे फिरलात की तेलुगू आणि मराठी एकाच वाक्यात ऐकू येते, आणि मागांचा खटखटाट दोन्हींच्या वरून. अण्णा कार्ड पंचिंग करायचे. खोलीत एक टेबल, ग्राफ कागद, आणि छताला टांगलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांच्या माळा. प्रत्येक पट्टीला भोकं.

"फोटो एकदा काढला की ठेवून द्यायचा, परत परत काढायचा नाही, हेच ना तुमचं?" अण्णा म्हणाले. "मग आम्ही काय करतो?"

सोलापुरी चादरीवरचा मोर विणकर काढत नाही. तो आधी ग्राफच्या चौकोनांत रंगवला जातो, मग एकेका ओळीचं एकेक कार्ड पाडलं जातं. मागाच्या डोक्यावर जॅकार्ड बसवलेला असतो. कार्ड पुढे आलं की त्यावर सुयांची रांग टेकते. भोक असेल तिथे सुई आत शिरते, तिचा आकडा पात्यावर राहतो, पातं उठलं की आकड्याला बांधलेला उभा धागा वर येतो. भोक नसेल तिथे सुई मागे ढकलली जाते आणि धागा खालीच राहतो. मधल्या फटीतून धोटा जातो. एक कार्ड, एक आडवा धागा. इंचाला ३० आडवे धागे धरले आणि आकृती ४० इंचांची असली तर १,२०० कार्डं. ती दोऱ्याने ओवून माळ करतात. माळ फिरत राहते आणि चादरीमागून चादर निघत राहते. चित्र रंगवायला लागलेले दिवस एकदाच खर्च झाले.

हे न करण्याची रीतही महाराष्ट्रातच आहे. पैठणीच्या पारंपरिक पदरावरचा मोर कुठेही साठवलेला नसतो. पैठणला, येवल्याला विणकर छोट्या छोट्या रिळांवरचे रंगीत धागे मोजून, एकमेकांत अडकवून तो दर वेळी नव्याने घडवतो. दुसऱ्या साडीला पुन्हा पहिल्यापासून. त्या पदराला महिने लागतात, किंमतही तशीच. चादर पांघरायची, धुवायची, आहेरात द्यायची वस्तू. तिला तो वेळ परवडत नाही. पैठणीचं कौतुक करताना आपण या चादरीच्या मोराकडे जरा नाक मुरडून बघतो, मीही बघायचो. आता बघवत नाही.

जॅकार्ड हे माणसाचं नाव. जोसेफ-मारी जाकार, फ्रान्समधलं लिआँ शहर, १८०४. कल्पना अगदी त्याचीच नव्हे. १७२५ मध्ये बाझिल बूशोंने भोकं पाडलेला कागद मागाला लावला होता, तीन वर्षांनी फाल्कोंने कागदाच्या जागी ओवलेली कार्डं आणली, पुढे व्होकांसोंने आपोआप चालणारा माग केला. जाकारने या सगळ्यांतून चालणारं यंत्र बनवलं. त्याआधी नक्षीच्या मागावर दोऱ्या ओढायला एक पोरगं बसवावं लागायचं. कुठली दोरी कधी, हे विणकराने सांगायचं आणि त्याने ओढायची, दिवसभर. कार्डांनी त्या पोराची सुटका केली. त्याची मजुरीही गेली, म्हणून लिआँचे विणकर चिडले.

१८३९ मध्ये त्याच शहरात कार्किया नावाच्या विणकराने जाकारचंच चित्र रेशमात विणलं. त्याला २४,००० कार्डं लागली. ते छापील खोदचित्र आहे असंच भल्याभल्यांना वाटे. चार्ल्स बॅबेजने त्याची एक प्रत मिळवली होती. आपल्या नियोजित गणनयंत्राला हुकूम देण्यासाठी त्याने हीच कार्डं निवडली. पुढे हॉलरिथने १८९० च्या अमेरिकी जनगणनेसाठी माणसांची माहिती कार्डांवर भोकांनी नोंदवली, आणि तिथून वाट आयबीएमकडे गेली. म्हणजे ज्या कंपनीच्या यंत्रात 'कॅश' हे नाव पडलं, ती मुळात भोकांच्या कार्डांवरच वाढलेली. सोलापुरातही भिंतीवर टांगायची विणलेली चित्रं होतात, देवांची, शिवाजी महाराजांची. कार्कियाला इथे परकं वाटलं नसतं.

मी अण्णांना माझी चूक सांगितली. काठ बदलला, चित्र बदललं, नाव तेच ठेवलं.

ते जवळजवळ रागावलेच. "नाव तेच? असं करतात होय! एक फूल जरी बदललं तरी नंबर नवा घ्यायचा. जुन्या माळेला हात लावायचा नाही. ती दुसऱ्या मागावर चालू असली तर? अर्धी चादर अशी, अर्धी तशी." त्यांनी एक माळ खाली ओढून दाखवली. पहिल्या कार्डावर डिझाइनचा नंबर, आणि मग प्रत्येक कार्डावर त्याचा अनुक्रम, हाताने लिहिलेला.

संगणकवाले याच उत्तरावर आले आहेत. चित्राच्या नावातच त्याच्या मजकुरातून काढलेला एक ठसा घालायचा. एक ठिपका बदलला तरी ठसा बदलतो, म्हणून नाव बदलतं. नवं नाव म्हणजे नवी वस्तू, ब्राउझर ती आपोआप नव्याने मागतो, आणि जुन्या नावाचं चित्र खुशाल कायम ठेवावं. सप्टेंबर २०१७ मध्ये 'हे कधीच बदलणार नाही' असं सांगणारी खूणही नियमांत आली. मी त्या रात्री तीनशे फोटोंची नावं बदलली. पन्नास चादरी मात्र मामाने सवलतीत काढल्या.

इथे थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती. पण निघताना मी अण्णांना विचारलं, या माळा जुन्या झाल्या, फाटल्या, तर मूळ ग्राफवरून परत पाडता येतात ना?

"ग्राफ कुठायत?" ते म्हणाले. "वाळवीने खाल्ले. काही डिझाइनरकडे होते, तो गेला, पोरांनी जाळले."

नव्या मागांवर इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड आहे. डिझाइन फाइलमध्ये असतं, पुठ्ठा नाहीच. सोलापुरी चादरीला २००५-०६ मध्ये भौगोलिक निर्देशांकही मिळाला. पण तो नावाला संरक्षण देतो, माळ्यावरच्या पुठ्ठ्याला नाही. जी डिझाइनं आज खपत नाहीत, त्यांची फाइल कोण करणार? माळा रद्दीत किलोवर जातात.

मला त्या खोलीत पहिल्यांदा कळलं की आपण एक गोष्ट गृहीत धरून चालतो. कॅश पुसली तरी चालतं, कारण मूळ कुठेतरी आहे. पण मूळ गेल्याचं कुणी कळवत नाही. त्या दिवसापासून प्रत हेच मूळ होतं, आणि आपण तिला प्रतीसारखंच वागवत राहतो. २००९ च्या ऑक्टोबरमध्ये याहूने जिओसिटीज बंद केलं, तेव्हा लाखो घरगुती पानं गेली. जी उरली ती काही लोकांनी घाईने उतरवून घेतलेल्या प्रतींमुळे. गूगलच्या शोधात एखाद्या पानाची साठवलेली प्रत उघडायची सोय असे. बंद पडलेल्या मराठी साइटवरचं लेखन मी तिथून कितीदा वाचलंय. २०२४ मध्ये तीही गेली. आणि चित्र करून टाकलेल्या त्या कविता तर शोधूनही सापडणार नाहीत, कारण त्यांत शोधण्याजोगं अक्षरच नव्हतं.

अण्णांनी रद्दीच्या ढिगातून मोराची एक जुनी माळ मला दिली. "न्या. पण क्रमाने ठेवा. एक कार्ड वर-खाली झालं तर मोराची मान जाईल."

पुण्याला आणून मी प्रत्येक कार्डाचा फोटो काढला. भोक म्हणजे एक, नसेल तिथे शून्य, असं वाचणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला. मोर वरून खाली, एकेक ओळ करत पडद्यावर उतरला, सायबर कॅफेतल्यासारखाच. मध्ये एक आडवी पट्टी कोरी होती. सहा कार्डं नव्हती.

आईच्या पलंगाखालच्या पेटीत याच डिझाइनची एक चादर निघाली, बरीच विरलेली. ती उलटी पसरून, भिंगाखाली धागे मोजत बसलो. सहापैकी चार ओळी लागल्या. उरलेल्या दोन ओळी आहेत तिथे चादरीला घडीची रेघ पडली आहे आणि धागे तुटलेत. त्या डिझाइनची आणखी एखादी चादर गिऱ्हाइकांकडे असली तर विचारून बघतो, असं मामा म्हणालाय.